संपादकीय : कुंचला कोणाच्या हाती?



मंडळाची वार्षिक स्मरणिका वाचकांच्या हाती देताना संपादकाने आनंद व्यक्त करावा, लेखकांचे आभार मानावेत आणि त्रुटींबद्दल क्षमा मागावी, असा रिवाज आहे.  परंतु यंदाच्या अंकाच्या मधोमध आठ पाने अशी आहेत की, त्यांच्यावरून समितीच्या तीन बैठका झाल्या, एक ज्येष्ठ सभासद बैठकीतून उठून गेले आणि प्रस्तुत संपादकासही आपल्याच घराकडे नव्याने पाहावे लागले. वाचकांनी ती पाने उघडण्यापूर्वी त्यांची हकिकत सांगणे आम्हांस आवश्यक वाटते.

गेल्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम आटोपल्यावर दहावी-बारावीत शिकणारी आपली सहा-सात मुले-मुली समितीकडे आली. त्यांच्या हातात घडी घातलेला एक कागद होता. मोठ्या आकाराचा कागद तीनदा दुमडावा, मधोमध एक काप द्यावा, की आठ पानांची पुस्तिका तयार होते. टाचणी लागत नाही की शिवण लागत नाही. झेरॉक्सच्या यंत्रावर तिच्या हव्या तितक्या प्रती निघतात. मुले तिला 'झीन' म्हणतात. 'मॅगझीन' या शब्दाचे डोके उडवून उरलेले हे शेपूट. विषय त्यांनीच ठरविला होता : वर्णभेद आणि कलेतील आपले चित्र. चित्रकला, सिनेमा, जाहिराती, पाठ्यपुस्तके यांत काळ्या-सावळ्या, दलित आणि कष्टकरी माणसाला कोण रेखाटतो व कसे रेखाटतो, हे आठ पानांत मांडायचे. स्मरणिकेत तेवढी जागा मिळावी, एवढीच त्यांची मागणी होती.

समितीतील ज्येष्ठांनी तीन आक्षेप घेतले. हा परदेशी पोरखेळ आहे. वर्णभेद हा अमेरिकेचा प्रश्न असून आपला प्रश्न जातीचा आहे. आणि स्मरणिका हे मंगल प्रसंगाचे प्रकाशन असल्याने तीत घरातली उणीदुणी नकोत. तिन्ही आक्षेप प्रामाणिक होते. त्यांचा क्रमाने विचार करू.

पहिला आक्षेप ऐकून आम्हांस मौज वाटली. अल्प पैशांत, अपुऱ्या साधनांनी, दुसरा कोणी छापत नाही म्हणून आपणच छापणे, ही तर आपल्या समाजाची शंभर वर्षांची परंपरा आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले, तेव्हा पैसे देऊ केले असतानाही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. राजर्षी शाहू महाराजांनी दिलेल्या अडीच हजार रुपयांच्या साह्यावर ते पाक्षिक उभे राहिले. १९२७ साली निघालेल्या 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने बाबासाहेबांना एकहाती लिहावे लागत. पुढे साठच्या दशकात मुंबईत लघुअनियतकालिकांची लाट आली. सायक्लोस्टाइल यंत्रावर काढलेली, कधी दोन अंकांतच बंद पडणारी ती पत्रे प्रस्थापित मासिकांच्या दाराशी ताटकळत उभी राहिली नाहीत. राजा ढाले यांचे 'येरू', तसेच 'विद्रोह' ही त्याच काळातली. औरंगाबादेहून गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालविले आणि दलित लेखकांच्या दोन-तीन पिढ्यांना पहिले छापील पान दिले. तेव्हा मुलांनी आणलेला घडीचा कागद परदेशी म्हणून नाकारावा, असे त्यात काही नव्हते. नाव नवे, कूळ आपलेच.

दुसऱ्या आक्षेपास थोडे अधिक उत्तर द्यावे लागेल. जात आणि वर्णभेद या एकच गोष्टी नव्हेत, हे खरे. तथापि त्या दोहोंचा संबंध आपल्या थोरांनी फार पूर्वीच ओळखला होता. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. त्याच शहरातून विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस हे 'द क्रायसिस' हे कृष्णवर्णीयांचे मासिक चालवीत. १९४६ साली बाबासाहेबांनी याच डू बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या निवेदनाची प्रत त्यांना हवी होती. डू बॉइस यांनीही आस्थेने उत्तर दिले. आणि १९७२ साली मुंबईत आपल्या तरुणांनी संघटना स्थापन केली, तेव्हा तिचे नाव त्यांनी अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरूनच घेतले.

मुलांनी निवडलेला विषयही याच वाटेवरचा आहे. १९२६ साली 'द क्रायसिस'ने लेखक-प्रकाशकांना एक प्रश्नावली पाठविली होती : कलेत कृष्णवर्णीयाचे चित्रण कसे व्हावे? त्याला सदैव दीन, गुन्हेगार वा विदूषक दाखविले तर लेखकाची काही जबाबदारी उरते की नाही? उत्तरे कित्येक अंकांतून छापून आली. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतील वॉलेस थर्मन, लँग्स्टन ह्यूज, झोरा नील हर्स्टन प्रभृती तरुणांनी पदरमोड करून 'फायर' नावाचा अंक काढला. तो एकच निघाला. जुन्या पिढीला तो रुचला नाही, आणि न खपलेल्या प्रती पुढे खरोखरच आगीत जळाल्या. परंतु आज त्या काळाचा इतिहास त्या एका अंकावाचून पुरा होत नाही. ब्लॅक पँथरच्या पत्राची सजावट एमरी डग्लस हे चित्रकार करीत. जाड, ठसठशीत रेषा आणि मोजके रंग. लाकडी ठशाची आठवण व्हावी अशी त्यांची चित्रे स्वस्त छपाईतही उठून दिसत. आपल्या मुलांनी काळा आणि निळा असे दोनच रंग वापरले, त्यामागे हाच धडा आहे.

वर्णभेद आपला विषय कसा, हे मात्र प्रस्तुत संपादकास पुस्तकांनी शिकविले नाही. येथे संपादकीय 'आम्ही' क्षणभर बाजूला ठेवून 'मी' म्हणतो.

मी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलो. आमच्या ग्रंथांतील त्वचेची बहुतेक चित्रे गोऱ्या माणसांची होती. दाह झालेली त्वचा लाल दिसते, हे आम्ही त्या चित्रांवरून पाठ केले. कुवेतला आल्यावर सुरुवातीच्या वर्षांत तापाने फणफणलेला एक अतिशय काळ्या वर्णाचा बांधकाम मजूर माझ्यापुढे आला. पाय दुखतो म्हणाला. मी पाय पाहिला. लाली दिसली नाही. गोळ्या देऊन त्याला परत पाठविले. तीन दिवसांनी तो आला तेव्हा त्याला चालवत नव्हते. त्वचेखालच्या ऊतींत जंतुसंसर्ग पसरला होता. तो बरा झाला, हे त्याचे नशीब. काळ्या त्वचेवर असा दाह लाल दिसत नाही. जांभळट, गडद दिसतो, कधी दिसतच नाही. तेथे हात लावून ऊब आणि सूज पाहावी लागते. मी स्वतः सावळ्या आईबापांचा मुलगा. तरीही माझ्या डोळ्यांत बसलेला रुग्ण गोरा होता. चित्र काढणाऱ्याने मला तोच दाखविला होता.

ही चूक माझ्या एकट्याची नव्हती. बोटाला लावून रक्तातील प्राणवायू मोजणारे छोटे यंत्र आता घरोघरी आहे. कृष्णवर्णीय रुग्णांत त्या यंत्राच्या नजरेतून प्राणवायूची धोकादायक कमतरता सुटण्याचे प्रमाण गौरवर्णीयांच्या जवळजवळ तिप्पट आहे, असे अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले. त्याच वर्षी लंडनमध्ये वैद्यकीचे शिक्षण घेत असलेल्या मलोन मुक्वेंडे या तरुणाने, काळ्या-सावळ्या त्वचेवर रोगलक्षणे कशी दिसतात याची सचित्र पुस्तिका आपल्या शिक्षकांच्या साह्याने तयार केली. २०२१ साली नायजेरियाच्या चिडिएबेरे इबे याने काढलेले गर्भाशयातील काळ्या बाळाचे चित्र जगभर गाजले. वैद्यकातील काळा गर्भ आपण आयुष्यात प्रथमच पाहत आहोत, अशी कबुली असंख्य लोकांनी दिली. मीही त्यांपैकीच एक. तेव्हा कोणाचे चित्र निघते आणि कोणाचे निघत नाही, हा प्रश्न आवडीनिवडीचा नाही. कधी कधी तो प्राणाशी येऊन ठेपतो.

आता आपल्याकडे वळू. आपले चित्र इतरांनी कसे काढले? १९३६ च्या 'अछूत कन्या'त अस्पृश्य मुलीची भूमिका देविकाराणी यांनी केली. १९५९ च्या 'सुजाता'त नूतन यांनी. दोन्ही चित्रपट कळकळीचे होते, हे मान्यच आहे. परंतु त्या मुली आपल्या दुःखाबद्दल बोलल्या ते दुसऱ्यांच्या तोंडून. बाबासाहेबांच्या वाट्याला तर कळकळही आली नाही. तेलुगूभाषक व्यंगचित्रकार उन्नमती श्यामसुंदर यांनी १९३२ ते १९५६ या काळातील इंग्रजी वृत्तपत्रांतून बाबासाहेबांवरची शंभराहून अधिक व्यंगचित्रे शोधून काढली आणि २०१९ साली ती पुस्तकरूपाने आली. पानामागून पान चाळताना दिसते की, देशाचा एवढा मोठा विधिज्ञ त्या रेषांत वारंवार खुजा आणि हास्यास्पद झाला आहे. १९४९ साली शंकर यांनी काढलेले गोगलगाईवरच्या बाबासाहेबांचे व्यंगचित्र अकरावीच्या पाठ्यपुस्तकात आले होते. २०१२ साली त्यावरून संसदेत गदारोळ झाला आणि ते काढून टाकण्यात आले. त्याच दिवसांत पुणे विद्यापीठात, पुस्तकाच्या सल्लागारांपैकी एका प्राध्यापकांच्या कार्यालयाची मोडतोडही झाली. आपल्या लोकांचा संताप आम्हांस समजतो. मोडतोड समजत नाही. ज्याच्या हातात एकच एक कुंचला आहे, त्याच्याशी भांडण्याचा बाबासाहेबांचा मार्ग दुसरा होता. ते स्वतःचे वृत्तपत्र काढीत.

आणि आपले कुंचले निघालेही आहेत. नागपूरचे चित्रकार सवी सावरकर यांनी गळ्यात मडके बांधलेला अस्पृश्य आणि देवदासी अशा ताकदीने रंगविली की, ती चित्रे दिवाणखान्यात शोभेसाठी लावता येत नाहीत. २०११ साली आलेल्या 'भीमायन' या चित्रकथेत दुर्गाबाई व सुभाष व्याम या मध्य प्रदेशातील परधान गोंड दांपत्याने बाबासाहेबांचे चरित्र आपल्या आदिवासी शैलीत मांडले. माणसांना चौकटींत कोंडणे त्यांना मान्य नव्हते, म्हणून त्या पुस्तकात नेहमीच्या चित्रकथेसारख्या चौकोनी चौकटी नाहीत. मायेचे बोलणे तेथे पक्ष्याच्या आकारात येते; ज्या बोलण्यात जातीचे विष आहे, त्याला विंचवाची नांगी आहे. २०१३ च्या 'फँड्री'त नागराज मंजुळे यांनी, काठीला टांगलेले डुक्कर घेऊन जाणारे जब्याचे कुटुंब शाळेच्या भिंतीवरील बाबासाहेब आणि सावित्रीबाईंच्या चित्रांपुढून नेले. ते दृश्य पाहून ज्याला स्वतःची शाळा आठवली नाही, असा माणूस आमच्या परिचयात नाही.

ज्या कुवेतमध्ये आपण राहतो, त्या भूमीलाही या विषयाची ओळख आहे. पॅलेस्टाईनमधून विस्थापित झालेले व्यंगचित्रकार नाजी अल-अली १९६३ साली कामासाठी येथे आले. येथल्याच 'अल-सियासा' या दैनिकात १९६९ साली त्यांचा 'हंजला' जन्मला : दहा वर्षांचा, अनवाणी, ठिगळांच्या कपड्यांतला मुलगा. नाजींना गाव सोडावे लागले ते त्याच वयात. १९७३ पासून हा मुलगा वाचकांकडे पाठ करून, हात मागे बांधून उभा राहिला. १९८७ साली लंडनमध्ये नाजींची हत्या झाली. हंजला अजून भिंतीभिंतींवर उभा आहे. परमुलखात पोटासाठी आलेल्या माणसाने आपल्या लोकांचे चित्र आपल्या हाताने काढावे, याला याहून जवळचा दाखला आम्ही कोठून द्यावा? मुलांनी आपल्या तिसऱ्या पानावर हंजलाशेजारी पाठमोरी उभी असलेली, दप्तर लावलेली आपली एक मुलगी काढली आहे.

येथवर सारे सुरळीत होते. समितीचे मन वळले होते. मग मुलांनी सहावे व सातवे पान पुढे केले आणि तिसरा आक्षेप खरा उभा राहिला.

सहावे पान म्हणजे कात्रणांचे चिकटकाम. मुलांनी आपल्याच स्मरणिकेचे जुने अंक काढून वधू-वर परिचयाच्या पानांतील शब्द कापले आहेत. नावे नाहीत, फक्त शब्द : गोरी. उजळ. निमगोरी. गव्हाळ. वर्ण गोरा असल्यास प्राधान्य. मधोमध अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील, पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या बाजूची काळ्यासावळ्या वर्णाची ती राजस्त्री मुलांनी रेखाटली आहे. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी ज्या चित्रकाराला काळी कांती देखणी वाटली, त्याच्या धम्माचा वारसा सांगणारे आपण. आणि आपल्याच अंकात ही कात्रणे सापडावीत!

हे पान पाहून एक ज्येष्ठ सभासद उठून गेले. दोन दिवसांनी त्यांनी मला दूरध्वनी केला. त्यांच्या संमतीने लिहितो. त्या कात्रणांत त्यांच्या मुलीच्या परिचयातला शब्द होता. मुलगी सावळी, शिकलेली, नोकरी करणारी. पहिल्या वर्षी खरे लिहिले तेव्हा एकही पत्र आले नाही. दुसऱ्या वर्षी त्यांनी 'गोरी' लिहिले. "डॉक्टरसाहेब, मी काय लिहायला हवे होते?" असे त्यांनी विचारले. माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. त्यांनी तो शब्द खोटा लिहिला, हे खरे. पण त्यांना तो लिहावा लागला तो आपणा सर्वांमुळे, हेही तितकेच खरे.

सातव्या पानावर एका घराची बैठकीची खोली आहे. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर. सोफ्यावर बसून कुटुंब दूरचित्रवाणी पाहत हसत आहे. पडद्यावर तोंडाला काळा रंग फासलेला विनोदी नट. आणि स्वयंपाकघराच्या दारात घरकाम करणारी बाई उभी आहे. तिला ओढणी आहे, हातात ट्रे आहे, चेहरा नाही. खाली एक ओळ : 'हिचा चेहरा आम्हांला आठवला नाही, म्हणून काढला नाही.'

२०१८ च्या रमजानात येथल्या दूरचित्रवाणीवरील एका विनोदी मालिकेत नटांनी तोंडे काळी करून सुदानी माणसांची सोंगे आणली होती. सुदानी लोकांनी त्यावर तीव्र आक्षेप घेतला आणि मुख्य नटाने दिलगिरीही व्यक्त केली. तेवढ्यावरून या देशाला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्या हिंदी चित्रपटांनी २०१९ साली 'बाला'त सावळ्या मुलीसाठी उजळ नटीलाच रंग फासला होता. प्रश्न त्या नटाचा नाहीच. चित्रातील तसबीर घड्याळाच्या डाव्या बाजूस किंचित तिरकी टांगली आहे. तशी ती माझ्या घरी आहे. चित्र काढणारी माझी मुलगी आहे. त्या संध्याकाळी मी हसलो होतो, हे मी विसरलो होतो. ती तेव्हा आठ वर्षांची होती, ती विसरली नाही.

आमच्याकडे काम करणाऱ्या त्या बाई श्रीलंकेच्या होत्या. तीन वर्षे त्यांनी आम्हांला जेवू घातले. त्यांचे पारपत्र, त्यांची आठवड्याची सुटी, या गोष्टी मी कायद्याप्रमाणे पाळल्या. येथील २०१५ च्या घरकामगार कायद्याने त्या बंधनकारक केल्या आहेत. पण त्यांचा एकही फोटो आमच्या घरात नाही. आमच्या सहलींच्या, वाढदिवसांच्या शेकडो छायाचित्रांत त्या कोठेही नाहीत. बहुधा प्रत्येक वेळी कॅमेरा त्यांच्याच हाती दिलेला असावा. आपल्या आज्यांचेही फोटो कोणा सवर्ण घरच्या संग्रहात सापडणार नाहीत, हे मला त्या रात्री सुचले आणि नंतर झोप आली नाही.

धम्मबांधवांनो आणि भगिनींनो, ज्यांचे चित्र शतकानुशतके दुसऱ्यांनी काढले, त्यांच्या हाती आज कुंचला आला आहे. आता तो आपण कोणावर कसा चालवितो, याची परीक्षा घरापासून सुरू होते. उणीदुणी म्हणून ती दोन पाने गाळली असती, तर उरलेली सहा पाने खोटी पडली असती. म्हणून समितीने आठही पाने छापण्याचे ठरविले. जे सभासद उठून गेले होते, त्यांनीही संमतीचा हात वर केला.

आणखी दोन निर्णय कळवितो. या अंकापासून वधू-वर परिचयात वर्णाचा उल्लेख छापला जाणार नाही. कोणी लिहून पाठविला तरी तो गाळला जाईल. दुसरे, ही आठ पाने दरवर्षी मुलांची राहतील. विषय ते निवडतील. वडीलधाऱ्यांनी शुद्धलेखन तेवढे तपासावे. मुलांनी स्वतःसाठीही एक नियम केला आहे, तो लक्षात ठेवण्याजोगा आहे : रंगपेटीतल्या ज्या फिकट गुलाबी खडूला सारे जण 'स्किन कलर' म्हणतात, तो वापरायचा नाही. कोणाचीही त्वचा रंगाने भरायची नाही, फक्त रेघांनी दाखवायची.

  त्रुटी आमच्या आहेत. मधली आठ पाने मुलांसोबत बसून वाचावीत, आणि घरात कामाला कोणी बाई असल्यास त्यांनाही ती दाखवावीत, ही नम्र विनंती. त्या बाईंना मराठी येत नसेल, पण चित्र वाचता येते.

नमो बुद्धाय. जय भीम.

— संपादक